सेल उतरवायचं बटण

आमच्या घरात एखादी वस्तू नीट चालू असली की माझ्या बायकोला चैन पडत नाही. बिघडलेलं दुरुस्त करणारे पुष्कळ असतात हो, इथं सुरतेच्या लिंबायतमध्ये गल्लोगल्ली बसलेत. ही चालू वस्तू उघडते. का, तर म्हणे, “चालते कशी ते बघायचंय.” लग्नात माझ्या मामानं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तासाला कोंबडा आरवणारं. अंगाची हळद जायच्या आत हिनं त्यातला कोंबडा बाहेर काढून खाटेवर ठेवला. माझी माय दारात उभी राहून बघतेय, अन् ही नवी नवरी, हातात हिरवा चुडा, दातात स्क्रू धरून बसलेली. माय मला बाजूला घेऊन म्हणाली, “भूपा, पोरगी कुठून आणली रे आपण?”

घड्याळ परत लागलं, खोटं कशाला बोलू. फक्त कोंबडा अधूनमधून भलत्याच वेळी आरवतो.

हिचं नाव वर्षा. माहेर लिंबायतचंच, मूळ पारोळ्याकडचं. लग्नाआधी दिव्यांच्या माळा बनवायच्या एका कारखान्यात सोल्डरिंगला होती, म्हणजे दिवसभर तारेला तार चिकटवायची. आता घरीच मिक्सर, चार्जर, बँडवाल्यांचे माइक दुरुस्त करते. मी भूपेंद्र, रिक्षा चालवतो. गोडादऱ्यात राहतो आम्ही: मी, वर्षा, माझी माय भागीरथी अन् माझे वडील धुडकू आप्पा. बँडवाल्यांची गिऱ्हाइकी वर्षाला आप्पांमुळेच लागली, कारण आप्पा म्हणजे बेंजोवाले. सुरतेतल्या खान्देशी लग्नात कुणालाही विचारा.

बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा ताणलेल्या अन् तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातात प्लास्टिकची चकती घेऊन तार छेडायची. आप्पा तरुणपणी अमळनेरकडून सुरतेला आले ते लूमवर. दिवसा मागावर, अन् लग्नसराईत श्रीरंगभाऊंच्या बँडमध्ये. गुडघे गेले तसं लूम सुटलं, बेंजो नाही सुटला. बँडच्या टेम्पोवर आप्पांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या पाठीमागे. पायाखाली गिटारवाल्यांचं असतं ते पेडल. हातभर सुद्धा नाही, वीतभर लोखंडी डबी. गरब्याच्या ऑर्केस्ट्रातल्या एका गिटारवाल्यानं कधीतरी दिलेलं. बेंजोची वायर त्या डबीतून जायची, डबी आवाजाला जरा फाडायची, अन् मग तो भोंग्यातून बाहेर पडायचा. तिच्या पोटात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल.

आता त्या आवाजाचं काय सांगू तुम्हाला! सूर निघायचा, मग मधेच त्याचा गळा दाटून यायचा, आता तुटतो की काय असं वाटायचं, अन् तेवढ्यात परत उचलायचा. रडता रडता बाई बोलते ना, तसं. नवरीच्या पाठवणीला आप्पांनी तो सूर लावला की नवऱ्याकडची माणसं पण डोळे पुसायची. आणि गंमत बघा, हा आवाज सुरुवातीला नाही यायचा. वरात निघताना बेंजो चारचौघांसारखा वाजायचा. मारुतीच्या देवळापर्यंत गेली, परत फिरली, मांडव दिसायला लागला की मग आवाज बदलायचा. लोक एकमेकांना कोपर मारून सांगायचे, “आप्पांचा हात तापला रे! आता ऐक.” लहानपणापासून मी हेच ऐकत आलोय. आप्पांचा हात तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की तोड नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात श्रीरंगभाऊंनी नवा टेम्पो घेतला. झगमग दिवे, मोठा जनरेटर, अन् सगळ्या वाद्यांना अॅडाप्टर. चौकात पाटी लावल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटले, “आपल्याकडं आता सेलबिल काही नाही. सगळं डायरेक्ट लाइनवर.” आप्पांच्या पेडलच्या पोटातला सेल काढून टाकला अन् पाठीत अॅडाप्टरची पिन खोचली.

अन् आप्पांचा आवाज गेला.

बंद नाही पडला, वाजत होता. पण पत्र्याच्या डब्यावर चमचा मारावा तसा कोरडा, बारीक. वरात निघाली तसाच, मांडवात आली तरी तसाच. एक लग्न झालं, दोन झाली. मी स्वतः एका वरातीच्या मागे रिक्षा लावून बघत होतो. सूर सगळे जागच्या जागी, एक चुकला नाही, पण कुणाचं पाऊल थबकेना. शेवटी कुणीतरी ओरडलं, “अरे, डीजे लावा!” माझं डोकंच फिरलं. खाली उतरून त्याला दोन शब्द ऐकवणार होतो, पण आप्पांकडे बघितलं आणि पाय थांबले. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

मग कुजबुज सुरू झाली. तोंडावर कोण बोलतं? पण भाऊबंदांत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत एकच वाक्य: धुडकू आप्पाचा हात गेला. वय झालं, चालायचंच. आप्पांनी कुणाशी वाद घातला नाही. एक दिवस बेंजो गोधडीत गुंडाळला अन् माळ्यावर टाकला. श्रीरंगभाऊंना निरोप धाडला की दुसरा बघा. श्रावणात आमच्या भाऊबंदांची कानबाई असते, आम्हा खान्देशी लोकांच्या देवीचा उत्सव. रविवारी रोटांचा नैवेद्य, सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन विसर्जनाला तापीकडे निघतात अन् पुढे बेंजो. मला कळतंय तेव्हापासून तो आप्पांचाच. यंदा भाऊबंद विचारायला आले तर आप्पा म्हणाले, “कीबोर्डवाला लखनले सांगी द्या. मन्हा हात गया.”

स्वतःच्या तोंडानं बोलले हो! मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. रिक्षावाल्यानं सगळ्यांसमोर रडणं काही बरं दिसत नाही.

वर्षा मात्र रडली नाही. ती म्हणाली, “पण का?”

“का म्हणजे काय? म्हातारपण.”

“म्हातारपण असतं तर सूर चुकले असते. बोट उशिरा पडलं असतं. सूर चुकले का? नाही. फक्त आवाज बदलला. हात गेला तर आवाजच कसा काय बदलेल?”

“तुला त्यातलं काय कळतंय?”

“नाही कळत, म्हणून तर विचारतेय ना!”

हिचं हे असं. दुसरी सून असती तर सासऱ्याच्या पाया पडली असती, नवस बोलली असती. हिनं आप्पांच्या पिशवीतून पेडल काढून उघडलं. आप्पा खाटेवरून बघत होते. “भंगारवाल्याला दे पोरी,” एवढंच बोलले अन् कूस बदलली. हल्ली ते असेच असायचे. जेवताना भाकरी मोडून द्यायला मायला सांगायचे, चहा बशीत ओतायचा तर तिच्यापुढे कप सरकवायचे. माय म्हणायची, बेंजो सुटला तसे लाडावलेत.

तर पेडल. वर्षानं मीटर लावून एकेक तार तपासली. सगळं ठीक. अॅडाप्टर तपासला. तोही ठीक. नऊ म्हणजे बरोब्बर नऊ व्होल्ट, इकडे नाही तिकडे नाही. वैतागून ती म्हणाली, “कशातच खोट नाही. याला काय अर्थ आहे?” खोट नाही म्हणून चिडणारी बाई मी पहिल्यांदा बघत होतो.

मग हिनं माझ्या मोबाइलमधला एक व्हिडिओ धरला. अश्विनीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाची वरात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जेवण करता करता तोच व्हिडिओ, भांडी घासता घासता तोच. सुरुवात ऐकायची, मग एकदम शेवट, परत सुरुवात. मी म्हटलं, “अगं, माझ्या बहिणीला किती वेळा सासरी धाडशील?”

“श्श! इथं आवाज साधा आहे. अन् इथं बघा, मांडवाजवळ. मधे काय झालं?”

“हात तापला.”

“हात काय भजी तळायची कढई आहे का तापायला?” ती म्हणाली. “काहीतरी कमी होत गेलंय. वाढत नाही गेलं, कमी होत गेलंय. त्या डबीत कमी होण्यासारखं काय होतं?”

मी डोकं खाजवलं. तिनंच उत्तर दिलं. “सेल!”

ती तडक मायकडे गेली. माय गव्हातले खडे निवडत होती, रोटांचे गहू. वर्षानं विचारलं, “आई, आप्पांच्या पेडलचे सेल कोण आणायचं?”

मायनं आधी इकडेतिकडे बघितलं. मग पदराआड हसली. उठली अन् गॅलरीतल्या तुळशीमागून एक बिस्किटाचा डबा काढून आणला. झाकण उघडलं तर आत चौकोनी सेलच सेल. गंजलेले, फुगलेले, काहींना पांढरी पूड धरलेली.

आता हे तुम्हाला पण माहीत असेल. आपल्याकडे बॅटरीचा सेल उतरला की फेकत नाहीत. उन्हात ठेवतात. दोन-चार उन्हं खाल्ली की सेल परत जरा जीव धरतो. आमच्या गावाकडे प्रत्येक घराच्या कौलावर सेल वाळत पडलेले असायचे, पापडांच्या शेजारी. मायनं तेच सुरतेत चालू ठेवलं होतं. आप्पांनी नवा सेल मागितला की ही ऊन खाल्लेला जुना काढून द्यायची. वर म्हणायची, आत्ताच आणलाय दुकानातून.

“त्यांना काय समजतं, नवा कोणता अन् जुना कोणता!” माय म्हणाली. “वाजल्याशी मतलब. चांगला जिता सेल कोण फेकतं?”

वर्षा फरशीवर बसली अन् हसायला लागली ती हसतच सुटली. पदरानं डोळे पुसते, परत हसते. मायला वाटलं सून फिरली. मलाही आधी उजेड पडला नाही. मग हळूहळू टाळक्यात शिरलं. वरात निघताना सेल उन्हाच्या जोरावर उभा राहायचा. वाटेत उतरत जायचा. मांडव येईपर्यंत त्याचे प्राण कंठाशी यायचे, अन् तो मरणाचा गळा आम्ही सगळे ऐकायचो. सगळे भाऊबंद ज्याला आप्पांचा तापलेला हात म्हणत होते, तो माझ्या मायचा चिकटपणा होता!

मी म्हटलं, “मग सोपं झालं. घाल त्यातला एक सेल.”

घातला. बेंजो माळ्यावरून गुपचूप काढला, आप्पा देवळात गेले होते तेव्हा. मी तार छेडली. एकदा त्या आवाजाची नुसती झलक आली. अन् लगेच फुस्स. दुसरा घातला, तो बोललाच नाही. डब्यातले बाकीचे तर केव्हाच मेलेले. वर्षा म्हणाली, “असा बेभरवशाचा नाही चालणार. अर्ध्या रस्त्यात कानबाई उभी अन् बेंजो मुका. आपल्याला सेल नकोय. सेलचं मरण पाहिजे, मागू तेव्हा मिळणारं.”

असलं बोलणं ऐकून मायनं कानाला हात लावले.

हिचा पहिला डाव फसला. तिनं पेडलला नऊच्या जागी सहा व्होल्ट दिले. आवाज दबला, पण गळा काही दाटेना. पाच दिले, चार दिले, नुसतंच दबलं. चिडून उठली अन् मोरीत हात धुवायला गेली. आमच्याकडे पाणी सकाळीच येतं, अन् वरच्या मजल्यावरच्या कविताकाकूंनी नळ सोडला की आमची धार करंगळीएवढी होते. त्यांनी बंद केला की परत येते. रोजचं आहे. मी रोज शिव्या घालतो. त्या दिवशी वर्षा हात तसेच ओले धरून नळाकडे बघत उभी.

“अहो, टाकी भरलेलीच आहे.”

“मग?”

“टाकी भरलेली आहे, पाइप चोंदलाय. कुणी जोरात पाणी ओढलं की धार जाते. सोडलं की येते. मरणाऱ्या सेलचं असंच असतं! अन् मी बसले व्होल्ट कमी करत, म्हणजे टाकीच रिकामी करत.”

मला आपलं एवढंच कळलं की आज कविताकाकूंना शिव्या द्यायच्या नाहीत. हिनं जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचा गोल व्हॉल्यूम काढला अन् पेडलमध्ये वीज जिथून शिरते त्या तारेच्या वाटेतच बसवून टाकला. डबीला भोक पाडून बटण बाहेर काढलं. उजवीकडे पूर्ण फिरवलं की वीज मोकळी. डावीकडे नेत जावं तसतसा पाइप चोंदत जाणार. थोडक्यात, सेल उतरवायचं बटण. लोक सेल भरायचं मशीन विकत घेतात, माझ्या बायकोनं चांगल्या विजेला मरायला लावायचं बटण बनवलं!

तिनं मला वाजवायला बसवलं. मी ताकदीनं तार मारली. म्हैस पादावी तसा आवाज झाला, अन् मग काहीच नाही. परत मारली. परत म्हैस. “अजून जरा फिरव,” मी म्हटलं. ती फिरवून फिरवून दमली. दर वेळी म्हैसच.

पण मला त्या म्हशीपेक्षा दुसरीच काळजी खात होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, “हे बघ, झालं तर झालं. पण आप्पांना सांगायचं नाही. नुसतं म्हणायचं, पेडल साफ केलं.”

“खोटं बोलू?”

“अगं, त्या माणसाकडं आयुष्यात काय आहे? लूमनं गुडघे घेतले. घर भाड्याचं. एक नाव आहे, बेंजोवाल्या धुडकूचा हात. तू त्यांना सांगणार की तो हात नव्हताच, तुळशीमागचा डबा होता? मरतील ते.”

वर्षानं पेडलवरचं बटण उगाच डावीकडून उजवीकडे फिरवलं. मग म्हणाली, “ते विचारतील.”

“विचारलं तरी!”

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

रोटांचा रविवार उजाडला. घरात नुसती गडबड. भाऊबंदांच्या बायका स्वयंपाकाला, पाटावर कानबाई मांडलेली, नारळाला नथ घातलेली, फुलोरा टांगलेला. माय पुरणाचा हात घेऊन फिरत होती. दुपारी लखन आला, बेंजो न्यायला. लखन माझ्याच वयाचा, आमच्याच भाऊबंदातला, कीबोर्ड छान वाजवतो. वाईट माणूस नाही हो तो. आप्पांच्या पाया पडला अन् म्हणाला, “आप्पा, तुमचाच बेंजो वाजवतो, आशीर्वाद द्या.” आप्पा म्हणाले, “नेय ना भाऊ.” अन् बाहेर ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले.

गुपचूप परत माळ्यावर ठेवलेला बेंजो मी खाली उतरवला. वर्षानं न विचारता पेडल पुढे केलं, जोडलं, घरातला छोटा भोंगा लावला. लखननं बैठक मारली, तार छेडली. म्हैस. त्यानं जोर वाढवला. दोन म्हशी. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लखन कानकोंडा झाला. “वहिनी, पेडल गेलंय हे. मी माझं आणतो.” असं म्हणून त्यानं रागारागात तारांवर अजून एक सणसणीत हात मारला.

बाहेरून आप्पांचा आवाज आला. “तेले मारू नको!”

सगळे वळले. आप्पा दारात उभे होते. इतके दिवस जे तोंडातल्या तोंडात बोलायचे, ते खणखणीत ओरडले होते. “तो थकेल शे. थकेलले मारतस का? सरक.”

लखन सरकला. आप्पा बसले. चकती बोटांत धरताना क्षणभर थांबले, मला वाटलं उठून जातील. मग तार छेडली. छेडली कसली, बाळाच्या गालावरनं बोट फिरवावं तशी. अन् आला! तोच. गळा दाटलेला, आता तुटतो म्हणता म्हणता उचललेला. बायकांचं हसू जागच्या जागी विरलं. माय पुरणाचा हात तसाच धरून उंबऱ्यात बसली. मला मेल्याला तेव्हा कळलं. इतकी वर्षं आप्पांचा हात मरत्या सेलवरच शिकला होता. जोर केला की सेल दम सोडतो, हळू घेतलं की अजून थोडा चालतो. तो आवाज सेलमध्ये होता, पण काढणारा माणूस एकच होता. लखनला नाही जमला, मला तर बापजन्मी जमला नसता. अन् नव्या अॅडाप्टरवर असला हलका हात पडला तर चमच्यासारखा वाजणार नाही तर काय होणार!

आप्पांनी हात थांबवला. पेडलवरचं नवं बटण त्यांच्या नजरेला पडलं. “पोरी, काय करं तू याले?”

मी लखनच्या पाठीमागून वर्षाला डोळ्यांनी खुणावत होतो. नको. साफ केलं म्हण. लखन ऐकतोय, भाऊबंद ऐकताहेत, नको.

वर्षा आप्पांसमोर बसली अन् सगळं सांगून टाकलं. अॅडाप्टर. सेल. मांडवाजवळ बदलणारा आवाज. तुळशीमागचा डबा पण सोडला नाही, बया. मायनं तोंड फिरवलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. वर्षा म्हणाली, “आप्पा, तो गळा सेलचा होता. अॅडाप्टर लावल्यापासून गेला तो. हे बटण डावीकडे नेलं की सेल उतरल्यासारखा होतो, म्हणून परत आला.”

आप्पा पेडलकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “मंग मन्हा हात?”

“हाताला काय झालंय?” वर्षा म्हणाली.

“मन्हा हात बरा शे?”

“आप्पा, हात पहिल्यापासून बराच आहे. वीज बदलली होती.”

आप्पांनी उजवा हात वर करून डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. अन् एकदम त्यांचा चेहरा फुटला, लहान पोरासारखे रडायला लागले. मी धावलो. मला वाटलं नाव गेल्याचं दुःख झालं. तर ते रडत रडत मायला सांगत होते, “भागा, माले वाटनं लकवा ई ऱ्हायना. राघो दादाचं असंच झालं होतं ना. आधी हातातनं नेम गेला, मग हात, मग जीभ. मी कोणाले सांगं नही. कप धराले भ्याव वाटे, सांडीन म्हनीसनी. रात दिन तेच.”

राघो दादा म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. शेवटची वर्षं आप्पांनीच त्यांना भरवलं होतं. अन् आम्ही काय करत होतो? हा माणूस इतके महिने हाताकडे बघत रोज एकटा मरत होता, अन् मी बसलो होतो त्याचं नाव सांभाळत! मायनं पुरणाच्या हातानंच त्यांचा हात धरला, घट्ट धरला, अन् त्यांच्यावरच खेकसली, “मग बोलता नव्हतं येत?”

आप्पांनी बाहीनं नाक पुसलं. मग वाकले अन् वर्षाचं ते बटण, जे बनवायला तिनं जिवाचं रान केलं होतं, ते पार उजवीकडे फिरवून टाकलं. वीज मोकळी. चकती उचलून तार छेडली. तोच पत्र्यावरचा चमचा. कोरडा, बारीक, कुणाचं पाऊल न थबकवणारा.

“आयका!” आप्पा हसत होते, डोळ्यांतून पाणी गळतंय अन् हसताहेत. “आयका रे, कितलं भंगार वाजी ऱ्हायनं! लखन, आयक ना भाऊ!”

अन् ते तसंच भंगार वाजवत बसले, आणखी आणखी, कितीतरी वेळ, अन् आम्ही कुणीही त्यांना थांबवलं नाही.